कारण : इतर

दवाखान्यामागच्या तारेच्या कुंपणावर
कृष्णकमळाचा वेल जूनच्या थंडीतही हटत नाही.
झाडलोट करणारी दोना इरासेमा त्याच्या फुलात
तीन खिळे दाखवते, पाच जखमा, काटेरी मुकुट.
मी पानं तोडते. वजन करते.
कुटून अल्कोहोलात बुडवते, पंधरा दिवस अंधारात.
मग एक थेंब नव्व्याण्णवांत,
त्यातला एक पुन्हा नव्व्याण्णवांत,
दर वेळी चामडी वहीवर आपटून शंभर झटके.
बाराव्या पायरीनंतर वेल कुठे गेला
ते मला विचारू नका.
दर्यात खसखस म्हणावं
तर खसखसही नाही, नुसता दर्या.
तरी माझा खांदा दुखतो.

साठ बाटल्या. तीसांत हे,
तीसांत एकही झटका न खाल्लेलं तेच अल्कोहोल.
लेबलं मी रजेवर असताना चिकटवली.
कुणाला काय, ते पाकिटात, पाकीट तिजोरीत,
किल्ली साओ पाउलोतल्या एका बाईंकडे,
ज्यांना आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नाही.

एकेचाळीस नंबर : सेन्योर एवेराल्दो.
जुइज दि फोराच्या सूतगिरणीत
एकतीस वर्षं रात्रपाळीचा पहारेकरी.
गिरणी पाडली, तिथे आता गाड्या उभ्या राहतात.
पहारा सुरूच.
पहिल्या आठवड्याची झोपेची वही :
रात्री किती वेळा जाग आली?
*झोपलोच नाही, तर जाग कुठून येणार?*
अंथरुणावर पडल्यावर मनात काय येतं?
*झोराइदे.*
एवढंच. सातही रात्री.

तिसऱ्या आठवड्यात : *अकरा ते सव्वापाच.*
चौथ्यात : *अकरा ते साडेपाच.*
मनात काय येतं, तो रकाना कोरा.
डॉक्टर तार्सिझिओ शिट्टी वाजवत जिना उतरले.

पाचव्या मंगळवारी तो आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, अर्धी भरलेली.
हे परत घ्या.
गुण नाही आला?
आला ना. तोच तर घोळ आहे.
दिवसा माणसं असतात, म्हणाला,
मुलीचा फोन असतो, कोंबड्या असतात.
ती यायची दोन ते चारमध्ये.
प्रेमाचं वगैरे बोलायची नाही.
कात्री जागेवर नाही म्हणून कुरकुरायची,
हयातभर कुरकुरली तशीच.
आता डोळा लागतो तो थेट उजाडतं.
ती येऊन गेली असेल तर?
मी घोरत असेन तर?

फॉर्मवर रकाने होते :
दुष्परिणाम. स्थलांतर. मृत्यू. संपर्क तुटला.
मी ‘इतर’वर खूण केली.
पुढे दोन इंच रिकामी ओळ,
तिच्यात काय मावणार होतं.

ऑक्टोबरात पाकीट उघडलं.
दोन्ही गटांत फरक सहा मिनिटांचा,
तोही चुकीच्या बाजूने.
एकेचाळीस : नुसतं अल्कोहोल.
प्रत्येकाला पत्र पाठवायचं होतं.
त्याचं मी स्वतः घेऊन गेले.

रात्रीचे नऊ, आणि तो चुलीपाशी कॉफी गाळत होता,
डांबरासारखी.
म्हणजे त्यात काहीच नव्हतं?
काहीच नाही.
गाळण्यातला शेवटचा थेंब पडेपर्यंत तो गप्प.
मग ती झोप माझ्याच घरातली होती, म्हणाला,
आणि उठून मागच्या दाराची कडी तपासून आला.
खिडकीचीही.

मलाही कप दिला.
मी संध्याकाळनंतर कॉफी घेत नाही. घेतली.
साखर नव्हती, मागितलीही नाही.

दोन वाजले. अडीच.
खालच्या गल्लीत कुणाचा तरी कुत्रा
एकदाच भुंकला, मग त्याने विचार बदलला.
हाताला अजून चामड्याचा वास.
मी टक्क जागी,
आणि कुणाची वाट बघायची ते ठरेना.